कडेची फट

१६ मार्च

अकोल्याहून आत्ताच परतलो. पाय दुखतात, डोकं दुखतं आणि आणखीही काहीतरी दुखतं, पण त्यावरची गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही.

विहीणबाईंनी दिवाणखान्यात लाकडी जमीन करून घेतली आहे. फरशीचा रंग लाकडासारखा, असलं काही नाही. खरं सागवान, पट्टीला पट्टी लावून, वर मऊ पॉलिश. किसनराव आणि पार्बताबाईंचे अकोटच्या रस्त्यावर फुलांचे मळे आहेत. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या ओट्यावर झेंडूचे ढीग होते आणि मी बनारसी सावरत त्यातून वाट काढली होती. आता त्याच ओट्यावरून आत गेलं की सागवान!

मी बघितलं आणि म्हटलं, "छान आहे." आणखी काय म्हणणार? एका कोपऱ्यात मात्र जुनाट सतरंजी अंथरलेली होती. इतकी चांगली जमीन करायची आणि वर सतरंजी टाकायची! अभिरुची बाजारात मिळत नाही, हेच खरं.

पण जमिनीचं काही नाही. शुभंकर त्या जमिनीवर उताणा पडला होता. माझा मुलगा, पुण्याला मोठ्या कंपनीत, पोटावर लॅपटॉप ठेवून, पाय भिंतीला लावून. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आई, मले भूक लागून राहिली!"

मले!

माझ्या घरात "मले-तुले" कधी चाललं नाही. धामणगावला माझ्या माहेरी सगळे तसंच बोलायचे. कॉन्व्हेंटमध्ये आल्यावर सिस्टर्सनी माझी जीभ घासूनपुसून घेतली, मी शुभंकरची घेतली. आणि "आई"! मला तो मम्मी म्हणतो, कारण मी तसं शिकवलं. "आई" हा शब्द रिकामाच पडला होता. तो विहीणबाईंनी उचलला.

येताना गाडीत आमचे हे, हेमचंद्र, म्हणाले, "शुभंकर फार दिवसांनी असा पसरलेला दिसला." मी बडनेऱ्यापर्यंत मैलाचे दगड मोजले.

२१ मार्च

सुनेचा, करिश्माचा फोन. कंपनीने दोघांना घरून काम करायची मुभा दिली आहे. पावसाळ्याआधी पुण्याची भाड्याची जागा सोडून इकडे यायचं म्हणतात. मी म्हटलं, "वरचा मजला झाडून ठेवते." तर म्हणाली, "आई, अजून ठरलं नाही. अमरावती की अकोला, बघतो आम्ही."

बघतो? मुलगा कुणाचा आहे, हे बघायची गोष्ट कधीपासून झाली?

दुपारभर विचार केला. आमचं घर मोठं, अमरावतीच्या कॅम्पात, शांत. वरचा अख्खा मजला रिकामा. मग अकोल्यात असं काय आहे जे इथे नाही? उत्तर माझ्या डोळ्यांसमोर उताणं पडलं होतं.

हेमचंद्रांना सांगितलं, वरच्या मोठ्या खोलीला लाकडी जमीन करायची.

"वरची फरशी चांगली आहे की."

"चांगली आहे म्हणूनच तिकडे कुणी फिरकत नाही."

"तो अकोल्याला जमिनीसाठी जातो, असं तुला कोणी सांगितलं, अनू?"

वकिलीत असले प्रश्न साक्षीदारांना विचारले असते तर चार खटले जास्त जिंकले असते. मी वर्तमानपत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि उठले.

४ एप्रिल

रोहित नावाचा ठेकेदार आला. पोरगेलासा आहे, पण बोलण्यात मिठाईवाला. लाकडाचे तुकडे टेबलावर मांडले: साग, ओक, अक्रोड. मी पहिला प्रश्न विचारला, "अकोल्याकडे लोक काय लावतात?"

"साग, मॅडम. मॅट पॉलिशमध्ये."

"मग साग नको. मॅटही नको."

ओक ठरवला, गडद रंगात. पॉलिश एकदम चकचकीत. रोहित म्हणाला, "ग्लॉसीवर चरे लगेच दिसतात."

"चरे पाडणारी माणसं आमच्याकडे येत नाहीत."

"मग प्रश्नच नाही," म्हणाला. हेमचंद्र उगीच खोकले.

लाकडी जमीन मला नवी नाही, हे मी रोहितला मुद्दाम सांगितलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या म्युझिक हॉलला होती. गडद, चकचकीत, खिडक्यांचं प्रतिबिंब पडायचं तिच्यात. पियानो शिकणाऱ्या मुलींना बूट काढून आत जायची परवानगी असायची. मी पियानोला नव्हते. मधल्या सुट्टीत दारात उभी राहून बघायची. शुभंकरला लहानपणी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की त्याला पाठ असेल.

१३ एप्रिल

लाकडाचे गठ्ठे वरच्या खोलीत येऊन पडले आहेत. काम मात्र सुरू नाही. रोहित म्हणतो, लाकडाला खोलीची सवय व्हावी लागते, थोडे दिवस तसंच राहू द्यायचं. ऐकावं ते नवलच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक पुढ्यात टाकला होता. मला कुणी सवय होऊ दिली नाही.

शालू, आमची कामवाली, गठ्ठ्यांभोवती प्रदक्षिणा घालून आली. "बाई, इतक्या पाटावर जेवाले बसणार कोण?"

तिला सांगून ठेवलं, या जमिनीला ओलं फडकं लावायचं नाही.

"मंग पुसू कशानं? नजरेनं?"

२२ एप्रिल

पट्ट्या बसल्या. घासकामाची धूळ घरभर. माझ्या कपाटातल्या साड्यांवरसुद्धा. पण रंग काय आला आहे! अकोल्याचा साग याच्यापुढे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा दिसेल.

फक्त एक गोष्ट मला पटली नाही. चारही भिंतींच्या कडेला बोटभर फट सोडली होती. सरळसरळ कामचुकारपणा. पट्टी कापायचा कंटाळा, दुसरं काय! रोहित बडनेऱ्याला दुसऱ्या कामावर गेला होता. त्याच्या माणसांना विचारलं तर म्हणे, "वरून स्कर्टिंग येते, भिंतीलगतची पट्टी. दिसणार नाही." न दिसणारी घाण ही घाण नसते का? झुरळं आत जातील, मुंग्या जातील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर असताना एक वायर बाहेर लोंबलेली चालवून घेतली नाही मी.

"साहेबांना विचारतो," एक जण म्हणाला.

"साहेब राहणार आहेत का इथे?"

समोर उभी राहून फट लाकडी चिपांनी ठोकून ठोकून भरून घेतली. मग वर स्कर्टिंग. आता सुईसुद्धा जाणार नाही.

पार्बताबाईंचा फोन आला तेव्हा नेमकी ठोकाठोक चालू होती. त्यांचा आवाज असा की फोन हातभर लांब धरावा लागतो. "का वो इहीनबाई! तुमीबी लाकडाची जमीन करून राहिल्या म्हणे! एक सांगू का, त्या खोलीत कूलर नका लावजा हो, अन् कडेले…"

"हो, हो, आवाज येत नाही," म्हटलं आणि ठेवून दिला. माझ्या जमिनीवर सूचना अकोल्याहून नकोत. कूलर लावायचा नाही! त्यांच्याकडे एसी आला म्हणून वऱ्हाडातल्या बाकीच्यांनी उकडून मरायचं का?

३ मे

पॉलिशचा शेवटचा हात झाला. वास अजून आहे, पण जमीन आरसा झाली आहे. वर फिरणारा पंखा तिच्यात दिसतो. मी दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. आत जायचं धाडस झालं नाही, पायाचे ठसे उमटतात.

जुन्या चादरी अंथरून झाकून ठेवली. हेमचंद्र विचारतात, "मग दिसणार कधी?"

"मुलं आली की."

१८ मे

काल मुलं आली. शुभंकरच्या आवडीची पातोडीची भाजी आणि आमरस केला. जेवण झाल्यावर दोघांना वर नेलं आणि एकदम चादरी उचलल्या.

करिश्मा म्हणाली, "बाप रे, आई! हॉटेलसारखं!" मुलगी मनाने वाईट नाही, हे लिहून ठेवते. कधीतरी वाचताना उपयोगी पडेल.

शुभंकर दारात उभा राहून बघत होता. मी म्हटलं, "ये ना आत. चप्पल बाहेर. पाय पुसलेस? मोजे घाल, तळव्यांचे डाग पडतात. लॅपटॉप खाली ठेवायचा नाही. आणि चहाचा कप टेबलावरच."

"मम्मी, मले वाटते…"

"मला वाटतं."

"मला वाटतं, मी खालीच बसतो," असं म्हणून तो जिना उतरून गेला. उन्हामुळे चिडचिड होत असेल. पारा शेहेचाळीसच्या पुढे आहे.

म्हणून संध्याकाळी वरच्या खिडकीत कूलर बसवून घेतला. नवा वाळा, टाकी गच्च भरून. शुभंकर मध्ये पडला, "मम्मी, लाकडाजवळ कूलर नको. आई सांगत होत्या, त्यांच्याकडे…"

"त्यांच्याकडे काय होतं ते मला माहीत आहे. तू झोप गार हवेत."

झोपले नाहीत. म्हणजे वर झोपले नाहीत. खाली बैठकीत पंख्याखाली गाद्या घातल्या. आज सकाळी मी जिन्यात होते तेव्हा तो अंगणात फोनवर बोलत होता. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कान बंद ठेवायचे म्हटले तरी राहत नाहीत. "नाही वो आई, जमीन मस्त हाय. पण बसाची भीती वाटते."

आई! घरी आई समोर असताना!

जेवून निघतो म्हणाले. नेटवर्क मिळत नाही म्हणे. कॅम्पात नेटवर्क नाही आणि अकोल्यात आहे?

२० मे

करिश्माचा फोन. तिने खूप वेळ इकडचं तिकडचं विचारलं. बीपीची गोळी, कैरीचं लोणचं, शालूच्या मुलीचा निकाल. मग म्हणाली, "आई, आम्ही सध्या अकोल्यालाच राहायचं म्हणतो. रागावू नका."

"मी कशाला रागावू? घर तुमचं, मर्जी तुमची. शुभंकरला दे."

"ते… मीटिंगमध्ये आहेत."

रविवारी मीटिंग असते का? आज मंगळवार आहे, मान्य. पण रविवार असता तरी ती हेच म्हणाली असती.

आज चहा हेमचंद्रांनी केला. साखर विसरले.

२१ मे

ठरवलं. जमीन माझी आहे, मी वापरणार. वरच्या खोलीत पलंग टाकून घेतला आणि कूलर पूर्ण सोडला. काय गारवा आहे! अकोल्यातल्या कुणालाही असा मिळत नसेल. एसीने अंग आखडतं.

हेमचंद्र खालीच झोपतात. वास येतो म्हणे.

२९ मे

जमिनीला काहीतरी झालं आहे.

परवा पलंगाचा पाय डगमगत होता. मला वाटलं पलंगाचाच दोष. आज पलंग सरकवून खालची चादर काढली तर खोलीच्या मधोमध जमीन वर आलेली. बसलेल्या उंटाची पाठ असते तशी. पट्ट्या एकमेकींना ढकलून उभ्या राहिल्या आहेत. पाय दिला की कटकन आवाज येतो.

शालू फडकं घेऊन वर आली, बघितलं, तोंडावर पदर धरला आणि जिन्यात जाऊन हसली. मला सगळं ऐकू आलं.

रोहितला बोलावलं. आधी कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग स्कर्टिंगची एक पट्टी उचकटली आणि आतून एक चीप ओढून काढली, दाढेतून काढतात तशी.

"मॅडम, ही फट कोणी बुजवली?"

"मला काय माहीत? तुमचीच माणसं होती."

"दमट हवेनं लाकूड फुगतं. कडेला सरकायला जागा नसली की वर येतं."

एवढं पक्कं माहीत होतं तर फटीवर पाटी लावायची! तो म्हणाला, आधी पूर्ण सुकू दे, मग बघू काय वाचतं ते. कूलरची टाकी त्याने स्वतः रिकामी केली. जाताना चारही कडांच्या चिपा काढून गेला. त्याला दोन शब्द सुनवायचे राहिले आहेत.

म्युझिक हॉलची जमीन कधी फुगली नाही. पण तिथे कूलरही नव्हता आणि मीही नव्हते.

१ जून

दुपारी बेल वाजली. दारात पार्बताबाई. एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, काखेत मोगऱ्याचा पुडा. एस.टी.ने आल्या, एकट्या, या उन्हात. हेमचंद्र लगेच आत गेले, त्यावरून मला कळलं फोन कुणी केला होता.

"कुठं हाय तो उंट?" त्यांनी विचारलं. म्हणजे हेमचंद्रांनी माझी उपमासुद्धा कळवली होती.

वर गेल्या. मी मागून, "चप्पल…" म्हणेपर्यंत त्या खोलीच्या मध्यावर होत्या. उंचवट्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि अशा हसल्या की खालच्या मजल्यावर भांडी वाजली असतील.

"माह्यी याच्याहून मोठी झाली होती!"

"तुमची? मी बघितली तुमची. चांगली तर होती."

"कोपऱ्यातली सतरंजी पाहिली नाई का तुमी? सतरंजीखाली काय पुरलं हाय म्या? नवी जमीन झाली, अन् म्या पहिल्याच दिवशी बादलीनं पाणी ओतून धुतली. खराटा घेऊन! आपल्याले सवय ना. ते फुगली, न् कारागिराले म्या शिव्या घातल्या. तेच सांगाले फोन केला होता तुमाले, त तुमाले आवाजच आला नाई."

मी पंखा लावायला गेले. तो आधीच चालू होता.

मग त्या सरळ त्या उंचवट्यावर जाऊन बसल्या. मांडी घालून. लाकूड करकरलं.

"बसा ना वो. लाजून काहून राहिल्या? दोघींचं वजन पडलं त बसन ते खाली. कूलर बंद हाय, कडा मोकळ्या हायेत. आता फक्त वजन पायजे."

रोहितने असलं काही सांगितलं नव्हतं. पण उभं तरी किती वेळ राहणार? गुडघा धरत बसले. ओकवर, ग्लॉसीवर, अनवाणी. या जमिनीवर पहिल्यांदाच बसले, हे बसल्यावर लक्षात आलं. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून, उंटावरून बाजाराला निघाल्यासारख्या.

त्या पुड्यातला मोगरा सोडून माळ ओवायला लागल्या. मी न राहवून विचारलं, "मळा, फुलं, सगळं असताना लाकडी जमिनीचं खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

"तुमच्यापासूनच!"

"माझ्या?"

"जवाई जवा पाहावं तवा मम्मीचंच सांगते. मम्मी इंग्रजीत बोलते, मम्मी असं करते, मम्मीच्या शाळेत लाकडाची जमीन होती, चमकायची, मम्मी दारातून पाहत राहायची. ऐकून ऐकून मले राग आला. म्हटलं, यायच्या मम्मीच्या शाळेत होती त माह्या घरात काहून नाई?" त्यांनी दातांनी दोरा तोडला. "जळत होती म्या तुमच्यावर, आता काय लपवाचं."

म्हणजे कल्पना माझी होती! माझी शाळा, माझी आठवण, माझी जमीन, आणि आधी केली त्यांनी. शुद्ध चोरी. आणि वर कबूल करतात, हसत हसत. मला केवढा संताप यायला हवा होता. कुठे गेला कोण जाणे. उन्हात डोकं चालत नाही.

संध्याकाळी शुभंकर गाडी घेऊन त्यांना न्यायला आला. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज आला आणि दाराशी येऊन थांबला. आम्ही दोघी जमिनीवर, मधे आंब्याच्या साली, माझ्या केसांत बाईंनी खोचलेला मोगरा. तो दारातच उभा राहिला. बोटांनी चौकट धरून, आत न येता. असं कुणीतरी उभं राहिलेलं मी पाहिलं आहे, पण कुठे ते आठवेना. आठवलं तेव्हा तोंडून काय निघालं ते मलाच नंतर कळलं.

"ये ना आत. काहून उभा हायेस दारात?"

पार्बताबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. शुभंकर तर बघतच राहिला. माझ्या तोंडून त्याने असलं कधी ऐकलं नव्हतं. धामणगावच्या अंगणातलं, घासूनपुसून काढलेलं, ते नेमकं आज कुठून वर आलं? लाकूड वर येतं तसंच.

तो बूट घालूनच आत आला. मी बघितलं, एक चरा पडला, दाराजवळ, वीतभर. मग तो आमच्या शेजारी उताणा पडला, डोक्याखाली हात घेऊन, आणि छताकडे बघत म्हणाला, "मम्मी, मले चहा पायजे."

मी दुरुस्त केलं नाही.

राहणार अकोल्यालाच आहेत. शनिवार-रविवार इकडे येतो म्हणाला, जमीन बसली की नाही ते बघायला. जमीन सावकाश बसली तर बरं.

चहा म्हटल्यावर पार्बताबाई लगेच हात टेकून उठायला लागल्या. या घरात, माझ्या स्वयंपाकघरात! माझा गुडघा चांगलाच कळवळला, पण मी त्यांच्या आधी उठले.